मस्तकीचे बेट : खिओसची तटबंद गावे आणि मोकळे किनारे

खिओस हे ईशान्य एजियन समुद्रातले ग्रीक बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ८४२ चौरस किलोमीटर, लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास. ग्रीसच्या बेटांत आकाराने त्याचा पाचवा क्रमांक लागतो. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून संध्याकाळी निघालेली बोट साधारण पहाटेपर्यंत येथे पोचते. पूर्वेला तुर्कस्तान मात्र अगदी हाकेच्या अंतरावर आहे. सर्वांत अरुंद ठिकाणी मधली सामुद्रधुनी जेमतेम सात किलोमीटरची. उत्तरेकडचा भाग उघडाबोडका आणि डोंगराळ, त्यातले पेलिनेओ शिखर १,२९७ मीटर उंचीचे. दक्षिण भाग बसक्या टेकड्यांचा, कोरडा आणि उबदार. सांतोरिनी किंवा मिकोनोस पाहून आलेल्या माणसाला येथे पांढऱ्याशुभ्र घरांची उतरंड आणि निळे घुमट दिसत नाहीत. गावे दगडी, करड्या-पिवळ्या रंगाची आणि समुद्राकडे पाठ फिरवून बसलेली.

ही पाठ फिरवलेली गावेच खिओसचे खरे वैशिष्ट्य. बेटाच्या दक्षिणेला अशी वीसहून अधिक गावे आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांमधून समुद्र दिसतच नाही. ती दोन टेकड्यांमधल्या खोलगटात, किनाऱ्यापासून आत वसवली आहेत. समुद्रावरून जाणाऱ्या चाच्यांच्या गलबताला गाव कुठे आहे याचा पत्ता लागू नये, हा त्यामागचा हेतू. दक्षिणेचे बरेच किनारे आजही मोकळे आहेत याचे एक कारण याच वसाहतीत आहे : शेकडो वर्षे कोणी पाण्याच्या काठी घर बांधायला धजावलेच नाही. त्यामुळे खिओसचे किनारे पाहायचे तर आधी गावे समजून घ्यावी लागतात, आणि गावे समजायची तर एका झुडपापासून सुरुवात करावी लागते.

ते झुडूप म्हणजे मस्तकी. युनानी औषधांच्या दुकानात रुमी मस्तकी या नावाने मिळणारे पिवळसर, पारदर्शक खडे याच झाडाची राळ. आंबा आणि काजू ज्या कुळात मोडतात त्याच कुळातले हे झाड. पिस्ता तर त्याचा अगदी जवळचा भाऊबंद. उंची दोन-तीन मीटर, खोड वेडेवाकडे, पाने बारीक आणि वर्षभर हिरवी. याच जातीची झुडपे भूमध्य समुद्राभोवती ठिकठिकाणी रानोमाळ वाढतात, पण व्यापारी प्रमाणात चांगली राळ देणारा वाण दक्षिण खिओसमध्येच टिकला आणि वाढला. शेतकरी बी पेरत नाहीत. चांगली राळ देणाऱ्या झाडाच्या फांद्या छाटून लावतात, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या या निवडीतून आजचा वाण घडला आहे. लावलेली फांदी राळ देऊ लागायला पाच-सहा वर्षे जातात. त्यानंतर झाड कित्येक दशके उत्पन्न देत राहते, पण एका झाडापासून वर्षाला हाती येते ती जेमतेम काही ग्रॅमांत, फार तर पाव-अर्ध्या किलोत मोजावी अशी राळ.

मस्तकीचे काम उन्हाळ्यात चालते. जूनमध्ये झाडाखालची जमीन खरवडून, झाडून, अगदी अंगणासारखी सपाट केली जाते आणि तिच्यावर चाळलेली पांढरी चुनखडीची माती पसरतात. जुलैपासून खोडाला आणि जाड फांद्यांना टोकदार हत्याराने लहान लहान चिरा देतात. चीर फार खोल गेली तर झाड दुखावते, उथळ राहिली तर राळ येत नाही, म्हणून हे काम हाताच्या सरावाचे. चिरेतून पाझरलेली राळ थेंबाथेंबाने त्या पांढऱ्या मातीवर पडते आणि पंधरा-वीस दिवसांत घट्ट होते. माती पांढरी असल्याने थेंब स्वच्छ राहतो आणि पटकन कोरडा होतो. मग पहाटेच्या गारव्यात, उन्हाने राळ मऊ पडायच्या आत, खडे वेचले जातात. एकाच झाडाला हंगामात पुन्हा पुन्हा चिरा पडतात आणि ऑक्टोबरपर्यंत वेचणी चालू राहते. पाऊस पडला तर मोठे नुकसान, कारण ओली राळ मातीत मिसळून खराब होते.

खरा वेळखाऊ भाग त्यानंतरचा. हिवाळ्यात घराघरांत, बहुधा गावातल्या बायका एकत्र बसून, चाळून धुतलेला एकेक खडा हातात घेतात आणि छोट्या सुरीच्या टोकाने त्याला चिकटलेली माती, पानाचा तुकडा, सालीचा कण खरवडून काढतात. राळ साफ करणारी यंत्रे आली असली तरी हे काम अजून बरेचसे हातानेच होते. २०१४ साली युनेस्कोने खिओसच्या मस्तकी लागवडीच्या ज्ञानाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, ते या सगळ्या सामूहिक कामासाठी. त्याआधी १९९७ मध्ये युरोपीय संघाने तिला उत्पत्तिस्थानाचे संरक्षण दिले होते. विक्री १९३८ मध्ये स्थापन झालेल्या उत्पादकांच्या सहकारी संघामार्फत होते. पिर्गी गावाजवळ २०१६ मध्ये सुरू झालेले मस्तकी संग्रहालय ही सारी प्रक्रिया हत्यारांसह आणि जिवंत झाडांसह दाखवते. खिओसला पहिल्यांदा जाणाऱ्याने गावे पाहण्याआधी तेथे दोन तास दिले तर पुढचे सगळे पाहणे अर्थपूर्ण होते.

या राळेला एवढी किंमत का? प्राचीन काळापासून ती चघळण्यासाठी वापरली जाते. तोंडाचा वास जातो, हिरड्या घट्ट राहतात, पोटाला बरे वाटते, अशी तिची ख्याती. मिठाई, पाव, मद्य, अत्तर, रोगण, औषध अशा अनेक गोष्टींत ती पडते. कोलंबसाने अमेरिकेच्या पहिल्या सफरीच्या नोंदींत खिओसच्या मस्तकीचा उल्लेख केला आहे, कारण नव्या बेटांवर तसेच काही सापडले तर केवढा फायदा होईल हे त्याला ठाऊक होते. तो इटलीतल्या जेनोवाचा होता आणि त्या काळी खिओस जेनोवाच्याच ताब्यात होते.

जेनोवाचा हा अंमल १३४६ ते १५६६ असा दोनशे वीस वर्षे चालला. सिमोने विन्योसो याच्या आरमाराने बेट जिंकले, पण मोहिमेचा खर्च खाजगी जहाजमालकांनी केला होता आणि जेनोवाच्या तिजोरीत तो फेडण्याइतका पैसा नव्हता. मग त्या धनकोंनाच बेटाचा महसूल आणि मस्तकीची मक्तेदारी देण्यात आली. त्यांनी मिळून जी मंडळी स्थापली तिला माओना म्हणतात. तिचे हिस्से विकता येत, वारसाने मिळत आणि त्यांवर नफा वाटला जाई. भागभांडवलावर चालणाऱ्या कंपन्यांच्या इतिहासात तिचे नाव सुरुवातीलाच घेतात. पुढे या भागीदारांनी जुस्तिनियानी हे एकच आडनाव धारण केले. एका व्यापारी मंडळीने एक अख्खे बेट चालवावे, त्याचा सारा हिशेब एका झाडाच्या चिकावर बसवावा, आणि त्या हिशेबाला साजेशी गावे बांधावीत, असा हा विलक्षण प्रकार.

मस्तकीची गावे आजच्या स्वरूपात मुख्यतः याच काळात आकाराला आली. त्यांचा आराखडा साधारण सारखा आहे. गाव चौकोनी किंवा पंचकोनी. त्याला वेगळी तटबंदी नाही. कडेची घरे एकमेकांना खेटून बांधलेली आणि त्यांच्या बाहेरच्या भिंतींना दार-खिडकी नाही, म्हणजे घरांची पाठ हाच गावाचा तट. कोपऱ्यांवर गोल बुरूज. आत शिरायला एक किंवा दोन वेशी, त्या रात्री बंद. गावाच्या मध्यभागी उंच चौकोनी बुरूज, त्याला तळमजल्यावर दार नाही. वरच्या मजल्यावरून शिडी सोडायची आणि माणसे वर आली की ओढून घ्यायची. गल्ल्या मुद्दाम अरुंद आणि वळणावळणाच्या, त्यांतल्या कित्येक एखाद्या भिंतीशी जाऊन संपणाऱ्या. अनोळखी माणूस आत शिरला तर तो गोंधळावा. गावकऱ्यांना मात्र वरून वाट मोकळी होती. सगळ्या घरांची सपाट छपरे जवळपास एकाच उंचीवर आणि गल्ल्यांवरच्या कमानींनी जोडलेली, त्यामुळे हल्ला झाला की छपराछपरांवरून धावत मधल्या बुरुजापर्यंत जाता येई.

घरही याच विचाराने बांधलेले. खाली दगडी गोल छताच्या खोल्या, त्यांत गाढव, शेळ्या, तेलाचे आणि दारूचे रांजण. वरच्या मजल्यावर माणसांची वस्ती, मधोमध आकाशाला उघडा छोटा चौक, त्यातून उजेड आणि हवा. बाहेर खिडक्या काढता येत नसल्याने घराला श्वास घ्यायला एवढीच जागा. ही तटबंदी गावकऱ्यांच्या रक्षणासाठी होती हे खरेच, पण तेवढेच नव्हे. मस्तकी चोरून विकणाऱ्याला जेनोवाच्या राज्यात कडक शिक्षा होती आणि वेस बंद झाली की मालही आत, माणूसही आत. संरक्षण आणि पहारा या दोन्ही गोष्टी त्या एकाच भिंतीत होत्या.

या गावांपैकी मेस्ता सर्वांत चांगले टिकले आहे. खिओस शहरापासून ते सुमारे ३५ किलोमीटर नैर्ऋत्येला. मोटार वेशीबाहेर ठेवावी लागते. आत गेल्यावर गल्ल्यांवर इतक्या कमानी आणि इतकी घरे आडवी पसरलेली आहेत की भर दुपारीही सावलीतून चालता येते. मधला बुरूज आता नाही. त्या जागी १८६८ मध्ये ताक्सियार्खेस, म्हणजे देवदूतांचे, भव्य चर्च उभारले गेले. याच नावाचे जुने, लहान चर्च गावाच्या दुसऱ्या भागात आहे आणि त्यातला गर्भगृहापुढचा कोरीव लाकडी पडदा पाहण्यासारखा आहे. गावातल्या अनेक जुन्या घरांत आता मुक्कामाची सोय आहे. दिवसा येऊन तासाभरात निघून जाणाऱ्यांना मेस्ता फारसे कळत नाही. रात्री येथे राहावे, कारण संध्याकाळी बस निघून गेल्यावर चौकात खुर्च्या टाकून बसणारे गाव वेगळेच असते.

मेस्ता दगडाचे, तर पिर्गी नक्षीचे गाव. खिओस शहरापासून ते सुमारे २५ किलोमीटर दूर आणि मस्तकीच्या गावांत सर्वांत मोठे. येथली घरे, चर्च, बाल्कन्यांचे तळ, गल्लीवरच्या कमानींचे पोट, सारे काही काळ्या-पांढऱ्या भौमितिक पट्ट्यांनी झाकलेले आहे. या कामाला क्सिस्ता म्हणतात. काळसर वाळू मिसळलेल्या चुन्याचा गिलावा भिंतीवर देतात आणि तो ओला असतानाच त्यावर चुन्याच्या निवळीचा पांढरा हात फिरवतात. मग पट्टी आणि कंपासाने आडव्या ओळी आखून त्यांत त्रिकोण, शंकरपाळे, वर्तुळे, अर्धचंद्र कोरतात आणि ठरलेल्या जागचा पांढरा थर काट्याने खरवडून टाकतात. खालचा करडा रंग उघडा पडतो आणि नक्षी उमटते. गिलावा सुकायच्या आत सगळे उरकायचे असल्याने कारागीर भिंतीचा एकेक तुकडा घेत पुढे सरकतो. जवळ जाऊन पाहिले तर काट्याच्या दातांचे समांतर ओरखडे आजही स्पष्ट दिसतात. दुरून यंत्राने छापल्यासारखी वाटणारी भिंत हाताची आहे, हे त्या ओरखड्यांवरून समजते.

पिर्गीच्या चौकाजवळच एका कमानीतून आत गेल्यावर प्रेषितांचे छोटे बिझंटाइन चर्च लागते. विटांच्या बांधणीचे, बेटावरच्याच नेआ मोनी मठाच्या धर्तीवर उभारलेले. आतली भित्तिचित्रे १६६५ सालची. उन्हाळ्याच्या शेवटी येथे आणखी एक गोष्ट लक्ष वेधते : नक्षीदार बाल्कन्यांखाली दोऱ्यांत ओवलेल्या लहान टोमॅटोंच्या लाल माळा टांगलेल्या असतात. हे टोमॅटो हिवाळ्यात वापरण्यासाठी वाळत ठेवलेले. मागच्या काळ्या-पांढऱ्या भिंतीमुळे त्यांचा रंग अधिकच उठून दिसतो.

पिर्गी आणि मेस्ता यांच्या मध्ये ओलिंबी हे तसेच तटबंद गाव आहे. तेथला मधला बुरूज अजून बराच उभा आहे. गावापासून काही किलोमीटरवर समुद्राकडे चुनखडकातली गुहा आहे, छतापासून लोंबणाऱ्या आणि जमिनीतून वर आलेल्या चुन्याच्या स्तंभांनी भरलेली. अर्मोलिया कुंभारकामासाठी, वेसा आपल्या सपाट, नीटस आराखड्यासाठी प्रसिद्ध. ज्याच्याजवळ एकच दिवस आहे त्याने पिर्गी, ओलिंबी आणि मेस्ता याच क्रमाने पाहावे. तिन्ही एकाच रस्त्यावर आहेत.

आता किनारे. पिर्गीच्या दक्षिणेला एम्बोरिओस हे छोटे बंदर आहे. मस्तकी एके काळी येथून गलबतांवर चढे. त्याच्या शेजारी मावरा वोलिया, म्हणजे काळ्या गोट्यांचा किनारा. प्रागैतिहासिक काळातल्या ज्वालामुखीच्या उद्रेकातून आलेला खडक लाटांनी घासून घासून गोल, गुळगुळीत केला आणि संपूर्ण किनारा त्या गोट्यांचाच झाला. वाळू नावाला नाही. पाणी एकदम खोल होते आणि तळ काळा असल्याने गडद निळे दिसते, पण ओंजळीत घेतले तर काचेसारखे स्वच्छ. लाट परतताना हजारो गोटे एकमेकांवर घरंगळतात आणि त्यांचा खळखळाट दूरवर ऐकू येतो. पहिल्या पुळणीच्या टोकाला कड्याला वळसा घालणारी पायवाट आहे. तिने पुढे गेले की दुसरी, अधिक मोठी आणि अधिक निवांत पुळण लागते. दुपारी हे गोटे इतके तापतात की अनवाणी चालता येत नाही, त्यामुळे पाण्यातही चालतील अशा चपला हव्यातच. गोटे उचलून नेण्याला मनाई आहे आणि ती पाळायला हवी. किनारा त्यांचाच बनला आहे. प्रत्येक पाहुण्याने आठवण म्हणून दोन-चार नेले तर तो उरणार नाही.

एम्बोरिओसच्या टेकडीवर एक जुने रहस्य उलगडले गेले. १९५०च्या दशकात अथेन्सच्या ब्रिटिश पुरातत्त्व संस्थेने येथे उत्खनन केले. बंदराजवळ ब्राँझयुगाच्याही आधीपासूनची वस्ती निघाली, आणि टेकडीवर ख्रिस्तपूर्व आठव्या-सातव्या शतकांतले तटबंद गाव, अथेना देवीचे मंदिर आणि उतारावर पायऱ्यांसारखी मांडलेली घरे. म्हणजे समुद्रापासून वर सरकून राहण्याची गरज जेनोवाच्या आधी दोन हजार वर्षे येथल्या माणसांना भासली होती. अवशेष फार उंच नाहीत, पण वरून खालचे बंदर, काळा किनारा आणि मागची मस्तकीची शेते एका नजरेत येतात.

वाळूचा किनारा हवा असेल तर कोमी किंवा शहराजवळचे कार्फास. दोन्ही ठिकाणी पाणी उथळ, मुलांना बरे. पण खाणावळी आणि छत्र्यांची गर्दीही तेथेच. वृलिदिया हा दक्षिण टोकाचा किनारा त्या मानाने लहान, पांढऱ्या कड्याखाली लपलेला, पायऱ्या उतरून जावे लागणारा. फाना येथे अपोलोच्या प्राचीन मंदिराचे दगड किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर पडलेले आहेत. पश्चिम किनाऱ्यावर लिथी, एलिंदा, त्राखिली अशा खाड्या एकामागून एक लागतात. या बाजूला जवळपास प्रत्येक खाडीच्या टोकाला दगडी गोल टेहळणी बुरूज दिसतो. यांना विग्ला म्हणतात. बेटाभोवती त्यांची साखळी होती. पहारेकऱ्याला अनोळखी गलबत दिसले की तो दिवसा धूर आणि रात्री जाळ करी, पुढचा बुरूज तो पाहून आपला जाळ पेटवी, आणि काही वेळात आतल्या गावांच्या वेशी बंद होत. एलिंदाच्या नितळ पाण्यात पोहताना वर दिसणारा पडका बुरूज हा त्या यंत्रणेचा एक दुवा आहे.

बेटाच्या मध्यभागी, डोंगरात, नेआ मोनी हा मठ आहे. अकराव्या शतकाच्या मध्यात बिझंटाइन सम्राट नववा कॉन्स्टंटाइन मोनोमाखोस याने तो बांधवला. तीन संन्याशांना जळणाऱ्या झुडपात न जळता राहिलेली मरियमची प्रतिमा सापडली आणि त्यांनीच कॉन्स्टंटाइनला तो सम्राट होईल असे सांगितले, अशी कथा आहे. मुख्य चर्चचा घुमट अष्टकोनावर तोललेला असल्याने आतली जागा एकसंध, खांबाविना मोकळी वाटते. भिंतींवर सोनेरी पार्श्वभूमीची मोझाइक चित्रे आहेत : ख्रिस्ताचा बाप्तिस्मा, पाय धुण्याचा प्रसंग, क्रुसावरून खाली उतरवणे, नरकातून आदमला हाताला धरून वर ओढणारा ख्रिस्त. चेहरे गडद रेषांचे, डोळे मोठे, रंग जोरकस. १८८१च्या भूकंपात घुमट कोसळला आणि पुन्हा बांधला गेला. मोझाइकचा बराच भाग मात्र वाचला. १९९० मध्ये ग्रीसमधल्या दाफ्नी आणि होसिओस लुकास या मठांसह याला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. मठात शिरल्यावर एका छोट्या प्रार्थनागृहात काचेच्या कपाटात मानवी कवट्या आणि हाडे रचलेली दिसतात. ती १८२२ सालची.

१८२२ हे वर्ष खिओसच्या इतिहासाचे दोन तुकडे करते. १५६६ मध्ये बेट तुर्कांकडे गेले होते आणि तरीही भरभराटीला आले होते. मस्तकी सुलतानाच्या जनानखान्यात जाई आणि तिच्या गावांना खास सवलती होत्या. रेशीम, संत्री-लिंबू आणि सागरी व्यापार यांवर शहर श्रीमंत झाले होते. ग्रीक स्वातंत्र्ययुद्ध पेटले तेव्हा खिओसचे लोक सुरुवातीला दूरच राहिले. १८२२च्या मार्चमध्ये शेजारच्या सामोस बेटावरून आलेल्या बंडखोरांनी येथे उठाव केला. एप्रिलमध्ये तुर्की आरमार आले आणि कत्तल सुरू झाली. सुमारे एक लाख वस्तीच्या बेटावरचे हजारो लोक मारले गेले, त्याहून अधिक गुलाम म्हणून विकले गेले, उरलेले पळाले. नेआ मोनी आणि आयिओस मिनास या मठांत आश्रय घेतलेलेही वाचले नाहीत. मस्तकीची गावे आधी सुटली, कारण त्यांचे उत्पन्न सुलतानाला हवे होते. जूनमध्ये ग्रीकांच्या बाजूच्या कॉन्स्टँटिनोस कानारिस याने तुर्की आरमारप्रमुखाचे जहाज जाळल्यावर त्यांच्यावरही सूड उगवला गेला. १८२४ मध्ये दलाक्रवा या फ्रेंच चित्रकाराने या कत्तलीवर काढलेले विशाल चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे आणि युरोपचे लोकमत ग्रीकांच्या बाजूने वळवण्यात त्याचा वाटा आहे.

नेआ मोनीच्या पुढे, उत्तर-पश्चिमेला, आनावातोस हे गाव त्या वर्षापासून जवळजवळ ओसाड आहे. एका सुळक्यावर, तीन बाजूंना तुटलेल्या कड्यांच्या टोकावर घरे रचलेली आहेत, आणि दगडाचा रंग डोंगराशी इतका मिळतो की दुरून गाव ओळखू येत नाही. शत्रू वर पोचल्यावर गावकऱ्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या असे बेटावर सांगितले जाते. आज छपरे पडलेली, पण पायवाटा, चुली, भिंतींतले कोनाडे ओळखता येतात. आवगोनिमा हे शेजारचे दगडी गाव मात्र नीट दुरुस्त केलेले आहे, आणि पश्चिमेच्या समुद्रावरचा सूर्यास्त पाहायला बेटभरचे लोक तेथे येतात.

कत्तलीने खिओसची व्यापारी घराणी जगभर विखुरली : लंडन, मार्सेय, त्रिएस्त, अलेक्झांड्रिया, आणि भारतही. त्यांपैकी रॅली घराण्याने लंडनला रॅली ब्रदर्स ही पेढी उभारली आणि १८५१ मध्ये कोलकात्यात, नंतर मुंबईत ठाण मांडून ताग, कापूस, तेलबियांचा प्रचंड व्यापार केला. आज टाटा समूहात असलेली आणि महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना पिकांच्या औषधांमुळे माहीत असलेली रॅलीज इंडिया ही कंपनी त्याच पेढीचा वारसा सांगते. अशा घराण्यांचा बेटावरचा थाट पाहायचा तर शहराच्या दक्षिणेला कांबोस या भागात जावे. उंच, लालसर-पिवळ्या दगडाच्या भिंतींआड संत्री-मोसंबीच्या बागा, काळ्या-पांढऱ्या गोट्यांच्या नक्षीची अंगणे, गोड पाण्याची टाकी आणि त्यांवर जनावरांनी फिरवायची रहाटगाडगी. कांबोसचे वाडे १८८१च्या भूकंपात मोठ्या प्रमाणात पडले. काही पुन्हा उभे राहून अतिथिगृहे झाली. येथली मँडरिन नावाची छोटी संत्री सुगंधासाठी नावाजलेली.

खिओस शहर १८८१ नंतर बहुतेक नव्याने बांधले गेले, त्यामुळे ते पहिल्या नजरेला साधे वाटते. बंदराशेजारचा किल्ला मात्र अजून वस्तीचा आहे. कोराइस ग्रंथालय हे ग्रीसच्या जुन्या आणि मोठ्या ग्रंथालयांपैकी एक. उत्तरेला व्रोंतादोसमध्ये महाकवी होमर ज्या दगडावर बसून शिकवे असे म्हणतात तो खडक आहे. अभ्यासकांच्या मते ते किबेले देवीचे पूजास्थान. याच गावात ईस्टरच्या आदल्या रात्री दोन चर्चची मंडळी एकमेकांच्या घंटाघरावर घरी बनवलेले अग्निबाण सोडतात. सुरक्षेच्या कारणाने अलीकडे काही वर्षे हा खेळ आवरता घ्यावा लागला. वायव्येच्या वोलिसोस गावावर मध्ययुगीन किल्ला आहे, आणि त्याच्या आसपासचे मानाग्रोस, लेफ्काथिया हे किनारे लांब आणि ऑगस्टमध्येही बऱ्यापैकी मोकळे असतात. जवळच्या आयिआ मार्केला येथे २२ जुलैला यात्रा भरते.

खिओसला धोका आहे तो आगीचा. ऑगस्ट २०१२ च्या वणव्यात मस्तकीची शेते मोठ्या प्रमाणात जळाली, आणि २०२५च्या जून व ऑगस्टमध्येही बेटावर मोठ्या आगी लागून गावे रिकामी करावी लागली. जळलेल्या झाडाची जागा घेणाऱ्या फांदीला पुन्हा पाच-सहा वर्षे वाट पाहावी लागते, त्यामुळे एका उन्हाळ्याची आग अनेक हंगाम गिळते. उन्हाळ्यात वारा असेल त्या दिवशी रानात शेगडी पेटवणे, सिगारेट टाकणे येथे खरोखर गुन्हा मानले जाते.

प्रवासाला मे अखेर ते जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा मेल्तेमी वारा जोर धरतो आणि उत्तर किनाऱ्यावर पोहणे अवघड होते. तेव्हा दक्षिणेच्या खाड्या गाठाव्यात. मस्तकीच्या चिरा आणि वेचणी पाहायची असेल तर मात्र ऑगस्ट-सप्टेंबरच हवा. अथेन्सहून विमान तासाभराच्या आत पोचते. बेटावर बस आहेत, पण पश्चिमेच्या खाड्या, आनावातोस आणि उत्तरेची गावे पाहायची तर मोटार भाड्याने घ्यावी लागते. भारतीय प्रवाशाला शेंगेन व्हिसा लागतो, आणि चेश्मेला जाणाऱ्या छोट्या बोटीने तुर्कस्तानात पाऊल टाकायचे तर तेथला व्हिसा वेगळा. मठ आणि चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकलेले हवेत. दुपारच्या विश्रांतीच्या वेळात ती बंद असतात, म्हणून नेआ मोनीला सकाळी जावे. शाकाहारी माणसाची फार अडचण होत नाही. तेलात मंद शिजवलेल्या भाज्या, चणे, टोमॅटोची भजी, मास्तेलो नावाचे भाजलेले चीज बहुतेक खाणावळींत मिळते. गोड म्हणून मस्तकीच्या पांढऱ्या चिकट पाकाचा गोळा चमच्यावर घेऊन थंड पाण्याच्या पेल्यात बुडवून देतात. तो चाटत चाटत खायचा आणि शेवटी पेल्यातले सुगंधी पाणी प्यायचे.